शेजारच्याची उंची

दि. ९, रविवार

चि. ठकूस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझी आई होती तेव्हाही कुरकुरायचा. तेव्हा ऐकायला कुणीतरी होतं, इतकंच. घर फार गप्प झालंय. फुलांचं दुकान मात्र नेहमीसारखं चालू आहे.

तू विचारलंस, ‘काका, लग्नातला बुके तुम्हीच करायचा, पण चालत येताना मी तो धरू कसा?’ अगं, जन्मभर बुके बांधले, धरून कधी चाललो नव्हतो. म्हणून काल एक बांधला आणि दुकानातल्या आरशासमोर फेऱ्या मारल्या. शेजारच्या शिंप्याने काचेतून पाहिलं आणि ओरडला, ‘‘काय हो, या वयात कुणाशी जमलं?’’ दोघंही पोट धरधरून हसलो. मग तो जेवायला घरी गेला. मी बुके घेऊन बराच वेळ तसाच उभा होतो.

तर ऐक. घाबरलेली मुलगी बुके पार हनुवटीपर्यंत वर नेते. तू तर नक्कीच नेशील. शाळेच्या पहिल्या दिवशी दप्तर असंच छातीशी कवटाळलं होतंस. मी नुकताच तुमच्या घरात आलेलो, आईचा नवा नवरा. माझा हात धरायचा नाही असं तू ठरवूनच टाकलं होतंस. रस्ता ओलांडताना बाहीचं टोक तेवढं धरलंस आणि असं ओढलंस, की त्या शर्टाची एक बाही कायमची लांब झाली.

बुके बेंबीपाशी धर. कोपरं सैल, कमरेला टेकलेली. देठ जरा स्वतःकडे, म्हणजे फुलांची तोंडं लोकांकडे होतात. मूठ आवळू नकोस, फुलं कुठं पळून जात नाहीत. एकटी चालणार असशील तर दोन्ही हातांनी धर. कुणाबरोबर चालणार असशील तर उजव्या हातात बुके आणि डावा हात त्याच्या हातात.

तुझे बाबा लग्नाला येणार, हे तू अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंस. एवढ्या वर्षांनी का होईना, येतायत. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, आधी नाही वाटलं. दिवसभर गिऱ्हाइकांवर उगाच खेकसत होतो. संध्याकाळी पत्र पुन्हा वाचलं तेव्हा वाटलं, रक्ताचं ते रक्ताचं. मुलीला बाप हवासा वाटणारच, त्यात तुझं काय चुकलं?

एक मात्र आधी कळायला हवं. शेजारचा माणूस उंच असला की नवरीचा डावा खांदा वर जातो आणि बुके कलंडतो. मग देठ आखूड कापावे लागतात. तुझे बाबा ताडमाड आहेत, फोटोत पाहिलंय. तेव्हा शेजारी चालणाऱ्याची उंची तेवढी कळव. जी असेल ती बेधडक लिही. बुके तितकाच मन लावून बांधीन.

मी तुझ्या कानापर्यंत येतो, हे तुला ठाऊकच आहे.

शिंप्याकडे नवा शर्ट टाकलाय शिवायला. बाह्या जरा लांबच ठेव म्हटलंय.

तुझा,
काका