उपरण्याखाली ठरलेलं नाव

अमरावती, पौष वद्य पंचमी, शके १७८६

आमच्या लेखकांच्या मंडळीला आज नाव मिळालं. लिहवत नाही, पण लिहितो: राघोजी विद्याविलास मंडळी. राघोजी म्हणजे किसनराव दलालांचे वडील. त्यांना सहीसुद्धा करता येत नव्हती. आम्ही दर रविवारी किसनरावांच्या कापसाच्या वखारीत बसून आपापलं लिखाण वाचतो, एवढाच त्या घराण्याचा साहित्याशी संबंध.

मी ‘सरकी’ सुचवलं होतं. कापूस विलायतेला जातो, बी आपल्याकडे राहतं, म्हणून. किसनरावांना वडिलांचं नाव हवं होतं. वाद वाढला तसे किसनराव म्हणाले, “काहून भांडून राहिले तुमी? बाजारात भाव ठरते तसंच ठरवू. कोणाले राग नको.” आणि हातावर उपरणं टाकलं. एकेकानं उपरण्याखाली हात घालायचा. त्यांचं एक बोट दाबलं तर सरकी, दोन दाबली तर राघोजी. कोणी काय दाबलं ते फक्त त्यांनाच ठाऊक. आम्ही पाच शहाण्यांनी मुकाट्यानं हात घातले. किसनरावांनी उपरणं झटकलं आणि ‘राघोजी’ जाहीर केलं.

परतताना शाळेचे हरिपंत हळूच म्हणाले, “मी तुझंच दाबलं हो.” पुढे चौकात शास्त्रीबुवाही तेच म्हणाले. वकीलसाहेबही. मग खोटं कोण, हे तिघे की ते उपरणं? आणि कोणाला विचारू? दर रविवारी शब्दांवरून भांडणारे आम्ही, आज चौकातून आपापल्या घरी गेलो.

नावाची पाटी रंगवायचं काम मात्र वखारीतच सगळ्यांनी मोठ्यानं माझ्यावर टाकलं होतं. माझं अक्षर चांगलं ना. त्याला उपरणं लागलं नाही.