निरोगी हृदयाचा नमुना

२ जानेवारी
संकल्प पक्का. थकत चाललेलं हृदय महिनो न् महिने आधी ओळखणारं मशीन बनवायचं, कुणालाही परवडेल असं. मोबाईल, स्टेथोस्कोपच्या नळीत बसवलेला माइक आणि एआय. आयुष्यभर टेलिफोनची खरखर ऐकून बिघाड शोधले, हृदयाचं काय एवढं. ऑनलाइन कोर्स दुप्पट स्पीडवर संपवला. शेवटचा धडा राहिलाय, पण तो चुका तपासण्याबद्दल आहे.

९ जानेवारी
समोरच्या डॉक्टरांनी आजारी हृदयांचे भरपूर आवाज दिले, निरोगी हृदयांचे थोडेच. निरोगी आणखी हवेत, नाहीतर मशीनला फरक कसा कळणार? ऑफिसातले जुने मित्र शर्ट काढायला तयार नाहीत. शेवटी हिला बसवलं. लग्न झाल्यापासून हिने कधी अंथरूण धरलेलं नाही. याहून चांगला नमुना कुठे मिळणार?

१५ जानेवारी
मशीनने हिला लाल दिवा दाखवला. हसू आलं. चुकलं की कान पिळायचा, एआयला असंच शिकवतात. हिच्या आवाजापुढे ‘निरोगी’ लिहून पुन्हा शिकायला बसवलं. आता रोज हिचाच आवाज घेणार.

२२ जानेवारी, सकाळ
रेकॉर्डिंग चालू असताना ही बोलते. आज म्हणाली, झालं का हो, दूध ठेवलंय गॅसवर. विज्ञानाला दुधाची घाई नसते, असं मी सुनावलं. ही हसली, मग बराच वेळ खोकली. रेकॉर्डिंग खराब झालं, तरी ठेवून दिलं.

५ फेब्रुवारी
हिरवा! रोज हिरवा. मशीन सुधारलं.

२० फेब्रुवारी
ही हल्ली जिन्यात मध्येच थांबते. विचारलं तर म्हणे, खालच्यांचे नवे पडदे बघतेय. रोज तेच पडदे. मुलीचा फोन आला, आईला बोलताना दम लागतोय, डॉक्टरांना दाखवा. घरात मशीन असताना डॉक्टर कशाला, असं म्हणालो. लगेच मशीन लावलं, हिरवा आला, मुलीला फोटो पाठवला. तिने उत्तर दिलं नाही. पटलं असणार.

१२ मार्च
हिला चपला घट्ट होताहेत. हल्ली चपलांच्या मापात काही राम राहिलेला नाही.
डॉक्टर जिन्यात भेटले. वहिनींचे पाय सुजलेले दिसतात, एकदा हृदयाचा एको करून घ्या म्हणाले. मी काही बोलायच्या आत हीच म्हणाली, यांचं मशीन बरं आहे म्हणतंय ना, मग राहू द्या. इतका विश्वास आजवर माझ्यावर कुणी टाकला नव्हता. दिवसभर छाती फुगलेली.

३० मार्च
ही आता उशांची चळत लावून झोपते, नाहीतर सरळ माझ्या खुर्चीत. आडवं झालं की घुसमटतं म्हणते. मला टीव्हीसमोर स्टूल आलं. थोडी कुरकुर केली. मशीन हिरवं.

७ एप्रिल, दुपार
हॉस्पिटल. फुप्फुसांत पाणी झालंय. इथले डॉक्टर म्हणाले, हृदय कित्येक महिने थकत होतं, तुमच्या काही लक्षात आलं नाही का? मी मोबाईल काढून हिरवा दिवा दाखवला. त्यांनी बघितला आणि हिला ऑक्सिजन नीट लावला.

९ एप्रिल
ही गेली.

२ मे
मुलगी थांबली आहे. मला ओढून तपासायला नेलं. एको उत्तम आहे. डॉक्टर म्हणाले, काळजी नको, तुमचं हृदय ठणठणीत आहे.
घरी येऊन मशीन स्वतःला लावलं. लाल. पुन्हा लावलं. लाल. बरोबरच आहे. निरोगी हृदय कसं वाजतं हे मशीन हिच्याकडून शिकलंय, आणि माझं तसं वाजत नाही.

३ मे
मशीन दुरुस्त करायला घेतलं. काम सोपं आहे. हिच्या प्रत्येक आवाजापुढचं ‘निरोगी’ खोडायचं आणि ‘आजारी’ लिहायचं. हाताला लागलं ते रेकॉर्डिंग उघडलं. ठोके ऐकू आले. मग ही म्हणाली, झालं का हो, दूध ठेवलंय गॅसवर.
उठून गॅस बघून आलो. बंद होता.
‘निरोगी’ तसंच ठेवलंय.