संघप्रियाचे केस आणि माझी मोहीम

४ जुलै २००४, रविवार
आज चूक झाली. तशी छोटीच. आमटीत केस निघाला आणि मी आईसमोर बायकोला म्हणालो, "अशानं दिवाळीपर्यंत टक्कल पडंल की तुला." विनोद होता. संघप्रिया ताटावरून उठून गेली. आई म्हणाली, "बाळंतीण हाय ती, प्रसेनजीत. तोंड सांभाळ."
आमची दीक्षा चार महिन्यांची झाली. अलीकडं बायकोचे केस मुठीमुठीनं गळतायत. तिनं कधी तक्रार केली नाही. मला वाटलं, तिच्या लक्षातच आलं नसेल.
निश्चय: तिचे केस मी परत आणणार. नुसतं सॉरी म्हणण्यापेक्षा रिझल्ट दाखवावा.

५ जुलै
कारखान्यात सोबतच्या जोतीरामला विचारलं. कांद्याचा रस म्हणाला. त्याला स्वतःला केस नाहीत, पण अभ्यास दांडगा.

६ जुलै, सकाळ
मिक्सरमधून रस काढला. मीच चोळला. संघप्रिया म्हणाली, "अवो, लई चुरचुरतंय." म्हणजे औषध लागू पडतंय. दीक्षा वासानं दूध पिईना, रडून लाल झाली. होईल सवय.

९ जुलै
तिच्या डोक्यावर पुरळ. रक्ताभिसरण वाढलं असावं. डोस वाढवणार होतो, पण आईनं मिक्सरचं भांडं लपवलंय. घरातून सपोर्ट शून्य.
संघप्रिया हल्ली दाराकडं पाठ करून विंचरते. मी आत गेलो तर फणीतले केस मुठीत दाबले आणि म्हणाली, "टाकतेच हाय." मी काहीच बोललो नव्हतो. तेच मला जास्त लागलं.

१२ जुलै
आई तिला डॉक्टरबाईंकडं घेऊन गेली. मी बाहेर स्कूटरपाशी थांबणार होतो, आत बोलावलं. बाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर असे केस गळतातच. टक्कल पडत नाही, बहुतेकींचे वर्षभरात पूर्ववत होतात. कांदा बंद. साधा सौम्य शाम्पू, वेणी सैल, पोटभर जेवण आणि झोप. रक्त तपासायला दिलं.
मग बाईंनी विचारलं, "कांद्याचं कुणी सांगितलं?"
संघप्रिया म्हणाली, "शेजारच्या एका बाईंनी."
मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत राहिलो. सगळा वाचला.
बाहेर आल्यावर माफी मागणारच होतो. तेवढ्यात स्कूटर स्टार्ट झाली.

१७ जुलै, शनिवार
रिपोर्ट आला. अंगात रक्त कमी. गोळ्या दिल्यात. आई म्हणाली, "गोळ्या गिळंल ती. झोप कुठनं आणायची? पोरगी घे की जरा." पॉइंट बरोबर आहे. खरं तर माझ्याही मनात तेच होतं.
निश्चय: उद्या दुपारी दीक्षा माझ्याकडं. संघप्रियानं फक्त झोपायचं. अख्ख्या कसबा बावड्यात असा नवरा सापडणार नाही.

१८ जुलै, रविवार
जेवून दीक्षाला छातीवर घेतलं आणि आडवा झालो. संघप्रियाला सांगितलं, "जा, बिनघोर झोप."
जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. छातीवर पोरगी नाही. घाबरून स्वयंपाकघरात पळालो. संघप्रियाच्या कडेवर दीक्षा, दुसऱ्या हातानं चहा ढवळणं चाललेलं. डोळे तांबारलेले.
विचारलं, झोपलीस ना?
म्हणाली, "तुम्ही घोराया लागला, तशी ही उठली. मग मी उठले."
रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.
मग तिनं पहिला कप माझ्यापुढं केला. मी घेतला.