गिरणीच्या पुढची जागा

झाग्रेब, १४ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

सप्रेम नमस्कार. तुम्ही आणि तुमची लाडकी कुत्री बीबा, दोघेही ठीक असाल, असे धरून चालते.

इथे माझे बरे आहे. काचघरातल्या ओकच्या रोपांना आम्ही कर्बवायू वाढवलेली हवा देतो. पाने जास्त साखर करतात, मुळे ती आपल्याला चिकटून वाढणाऱ्या बुरशीला पोचवतात, बुरशी पाणी आणि क्षार वर पाठवते. पण मातीतल्या जिवाणूंनी नत्र अडवून धरला की हा व्यवहार मंदावतो. नुसत्या हवेवर झाडाचे भागत नाही. दिवसभर मी कुंड्यांशीच बोलते. सहकारी कॉफीला बोलावत, मी ‘उद्या’ म्हणे. आता ते बोलावत नाहीत.

गेल्या आठवड्यात उष्ण, कोरड्या हवेतले एक रोप वाळले. वाळता वाळता त्याने खोडातली साखर बुरशीकडे सोडली असावी, असे मोजमाप सुचवते. सर म्हणाले, “एका कुंडीवरून निष्कर्ष काढायचा नसतो, फुमिका.”

एका फोनवरूनही काढू नये.

रविवारी तुम्ही नेहमीसारखे चिडवलेत, “काय गं पुस्तकातल्या किड्या, तुझ्या काचेत ट्रफल उगवलं का? बीबाला पाठवू? वास घेऊन सांगेल!” मी हसले. मग तुमचा आवाज खाली आला. “ऐक. मिर्ना नदीच्या काठानं जायचं, पडक्या गिरणीच्या मागं...”

“बाबा, आवाज तुटतोय,” म्हणत मी फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता.

ओकच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारे, सोन्याच्या भावाने विकले जाणारे ते भूछत्र, ट्रफल, कुठे सापडते, ती जागा आपल्या गावात कोणी बायकोलाही सांगत नाही. आजोबांनी तुम्हाला सांगितली ती इस्पितळाच्या खाटेवरून. बेर्तोकाका म्हणतातच, “ज्यानं जागा सांगितली, त्यानं शवपेटीचं माप दिलं.” आई गेल्यापासून तुम्ही घरात एकटे, उन्हाळ्यापासून खोकता आहात, आणि डॉक्टरांचे नाव काढले की पावसाबद्दल बोलू लागता.

शनिवारी पहिल्या बसने येते. जागा मला नको. मला न सांगता डॉक्टरांकडे जाऊन आलात ना? ते काय म्हणाले, तेवढे सांगा. नंतर जंगलात जाऊ. तुम्ही पुढे चाला; मी डोळे मिटून मागून येईन.

गिरणीच्या पुढचे काहीही न ऐकलेली,
तुमची
फुमिका