धाकटीने दिलेली साक्ष

८ सप्टेंबर, सोमवार

ताई जाणार. बेकरीतल्या पोरीने, आमच्या बडबडीने सांगितलं, तेही गिऱ्हाइकाचा पाव कागदात गुंडाळता गुंडाळता. "तुमच्या ताईंना घरी आणलंय म्हणे बाई. डॉक्टरांनी हात टेकले." गल्ल्यावर बसवली तेव्हाच मला कळायला हवं होतं की हिच्या तोंडाला झाकण नाही.

मी भट्टीचं दार उघडून ट्रे बाहेर काढला — हातमोजा न घालता! डाव्या तळव्याला मोठा फोड आला आहे. लिहायचा हात उजवा, म्हणून लिहिते आहे.

अकरा वर्षं झाली ताईशी बोलून. तिचं घर इथून तीन गल्ल्या पलीकडे. प्रार्थनामंदिर एकच. ती तिसऱ्या बाकावर, मी शेवटच्या. तिचा पाठमोरा अंबाडा तेवढा मला पाठ आहे. तो पांढरा झाला, मग बारीक झाला. गेले चार रविवार बाकावर नव्हता.

९ सप्टेंबर, मंगळवार

जाणार नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

प्रार्थनामंदिराचे पाळकसाहेब आले. दारात उभे राहून आधी पावाचा वास घेतात, मग देवाचं नाव घेतात, हा क्रम ठरलेला. शनिवारी ताईला घरीच प्रभुभोजन द्यायचं आहे, प्रभूच्या नावाने मोडलेला घास; त्यासाठी पाव हवा. आणि तो मीच घेऊन यायचा.

उपासनेत त्याला भाकर म्हणतात. आहे पावच, गोल, वर चाकूने क्रूस काढलेला. आधी आई भाजायची, आता मी. पण अकरा वर्षांत मी त्यातला घास घेतलेला नाही. ताट माझ्यापर्यंत येतं आणि मी ते शेजारणीकडे सरकवते. बेकरीवालीला पावाचा वीट आला असेल, असं लोक समजतात. पाळकसाहेबांना खरं माहीत आहे. आज म्हणाले, "अकरा वर्षं दुसऱ्यांना वाढतेस आणि स्वतः उपाशी उठतेस."

मी म्हटलं, मनात किल्मिष असताना हा घास घेऊ नये, तुम्हीच शिकवलंत.

"किल्मिष सोड असं शिकवलं होतं मी. पाव सोड असं नव्हे."

मी त्यांना दोन पाव बांधून दिले आणि वाटेला लावलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी भट्टी गार झाली की या पिठाच्या टेबलावर बसून लिहिते. कोपराला पीठ, पानाला पीठ. आज सगळं नीट लिहून काढते. पानापाशी काय लपवायचं?

आईला दवाखान्यात ठेवलं होतं. दिवसा ताई, संध्याकाळी मी. त्याआधी महिनाभर आईचं नि माझं धड नव्हतं. तिची लाकडावरची भट्टी मी पाडली होती, तिच्या डोळ्यांदेखत. धुराने माझी छाती भरायची, डॉक्टरांनी सांगितलं होतं, काय करणार? पण ती भट्टी तिने चाळीस वर्षं पेटवली होती. विटा बाहेर जात होत्या तेव्हा ती खुर्चीत बसून बघत होती. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद. दवाखान्यात मी गेले की ती झोपलेली असायची. मी उशाशी बसून परत यायची. वाटायचं, उद्या जागी असेल. पाय धरून 'चुकले' म्हणेन. आई ती, विरघळेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टरांनी ताईला सांगितलं, आता काही तासच. दवाखान्याच्या व्हरांड्यात फोन होता. इथे भिंतीवर फोन होता. आई गेली चार वाजता. सहा तास! एक फोन नाही. शेवटी भावोजीच दारात येऊन उभे राहिले. आई जात होती आणि मी बिस्किटं भाजत होते.

मी ताईला विचारलं, मला का नाही बोलावलंस? तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "राहून गेलं."

राहून गेलं! दूध आणायचं राहून जातं. दाराला कडी घालायची राहून जाते. आईचं मरण धाकट्या बहिणीला कळवायचं राहून जातं? आईची माफी मागायची माझी राहिली, ती ताईच्या विसरभोळेपणामुळे. तेव्हापासून मी तिच्याशी एक शब्द बोललेली नाही. तिनेही कधी सफाई दिली नाही. असती तर दिली असती ना?

१३ सप्टेंबर, शनिवार

एका घासाचा पाव भाजता येत नाही. पहाटे तीनदा करून पाहिला, एवढुसा गोळा आतून कच्चा तरी राहतो किंवा दगड तरी होतो. शेवटी नेहमीएवढाच भाजला आणि गेले. ठेवायचा आणि परत फिरायचं, असं ठरवून गेले होते.

भावोजींनी पलंग बाहेरच्या खोलीत आणला आहे. शिवणयंत्र भिंतीला सरकवलंय, त्यावर कुणाचा तरी कोट, एक बाही लावलेली, एक नाही. आणि पलंगावर ताई. मी ओळखलंच नाही. चादरीखाली माणूस आहे की नुसती चादर आहे!

ती मात्र अकरा वर्षं मध्ये गेलीच नाहीत अशा थाटात पावाकडे बघून म्हणाली, "खालून जरा जास्त भाजलास." खरंच भाजला होता.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, पाव मोडला, तुकडा तिच्या ओठांशी नेला. तिने ओठ मिटून घेतले. "आधी तिला."

मी म्हटलं, मला नको.

"मग मलाही नको. ठेवा झाकून."

मी चपला हातात घेऊनच बाहेर पडले. कोपऱ्यावर येऊन पायात घातल्या.

१४ सप्टेंबर, रविवार

उपासनेला गेले नाही. मरतानासुद्धा हिचा मोठेपणा! लहानपणी खाऊ वाटताना हेच — आधी धाकटीला. सगळे तिला शहाणी म्हणायचे आणि मला हावरट.

१६ सप्टेंबर, मंगळवार

ताईने अजून पाव घेतलेला नाही. घोटभर पाण्यावर आहे. बडबडी सांगत होती, आणि सांगताना रडत होती. मला तिचाही राग आला. माझी बहीण, आणि रडते ही!

मग दुपारी भट्टीपाशी उभ्या उभ्या माझं मलाच रडू फुटलं. क्रूसावर खिळलेल्या माणसाने मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, हे मी चार वर्षांची असल्यापासून ऐकते आहे. तेव्हा त्यांपैकी एकानेही 'चुकलो' म्हटलं नव्हतं. मी मात्र ताईने आधी म्हणावं म्हणून अडून बसले. ती मरते आहे आणि मी अजून तिच्या तोंडाकडे बघते आहे, आता म्हणेल, मग म्हणेल.

प्रार्थना केली. नीट जमली नाही. म्हटलं, प्रभू, मला तिला माफ करायचं नाही. पण माफ करावंसं वाटावं, एवढं तरी वाटतं. तेवढ्यावर भागेल का?

उत्तर आलं नाही. भिजवलेला मैदा मात्र उतू गेल्यासारखा फुगून बसला होता, तो मळून घेतला.

१७ सप्टेंबर, बुधवार

केलं!

सकाळचा माल निघाल्या निघाल्या गेले. वाटेत वाक्यं जुळवली होती, ती तिच्या दारात विसरले. पलंगापाशी गुडघे टेकले आणि म्हटलं, "ताई, आईच्या वेळी तू मला बोलावलं नाहीस ना, त्याची मी तुला माफी दिली. मनापासून."

यंत्रापाशी भावोजी होते. ते एकदम उठले, काही म्हणणार होते. ताईने नुसता हात वर केला. दोन बोटंच वर झाली असतील, तेवढीच ताकद होती. भावोजी स्वयंपाकघरात निघून गेले. भांडी आदळल्याचा आवाज आला.

ताई म्हणाली, "दिलीस? बरं झालं गं. आता जेव माझ्याबरोबर."

मी धावत जाऊन पाळकसाहेबांना घेऊन आले, त्यांच्या सदऱ्याची बटणंही खालीवर लागली होती. त्यांनी ताजा पाव मोडला. मी घास घेतला, मग तिने. तिचा कण पाण्यात भिजवून जिभेवर ठेवावा लागला. अकरा वर्षांनी माझ्या हाताची चव मला कळली. मीठ कमी होतं. ताईने बोटाने माझी एक बट मागे सारली आणि आम्ही दोघी मनसोक्त रडलो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बेकरी बडबडीवर सोडली. दिवसभर ताईजवळ. तिला पुसून काढलं, वेणी घातली. वेणी कसली, शेपटीच. ती म्हणाली, तू लहान असताना मी तुझी घालायचे, तू किंचाळायचीस. मी म्हटलं, तू ओढायचीस! हसताना तिला धाप लागली. अकरा वर्षं या हसण्याशिवाय कशी काढली मी?

२० सप्टेंबर, शनिवार

ताई गेली. सकाळी साडेनऊला. या वेळी मी होते. हात हातात होता. आधी बोटं गार झाली, मग मनगट. मी चोळत राहिले. भावोजींनी माझा हात सोडवला.

मला वाटलं होतं, माफ केल्यावर दुःख कमी होईल. उलट आता ती जास्तच माझी झाली होती.

२१ सप्टेंबर, रविवार

पुरून आलो. मुठीतली माती खाली सोडवेना.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज दोन ट्रे जाळले. गिऱ्हाइकं समजूतदार आहेत, करपलेले पावही मुकाट घेऊन गेली.

२८ सप्टेंबर, रविवार

ताईची स्मरण-उपासना. पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? मी कधी चार माणसांत बोललेली नाही. आज उठले. पुढे जाऊन सगळं सांगितलं. आई, ते सहा तास, 'राहून गेलं', माझी अकरा वर्षं, आणि देवाने मला तिला माफ करायचं बळ कसं दिलं ते. कुणाचेच डोळे कोरडे नव्हते. पाळकसाहेब म्हणाले, आज वेगळ्या प्रवचनाची गरज नाही. बायका माझे हात धरून गेल्या. एक म्हातारी म्हणाली, अशी बहीण देवाने सगळ्यांना द्यावी.

भावोजी तेवढे मधेच उठून बाहेर गेले. त्यांना सहन झालं नसेल, बिचारे.

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. छाती हलकी झाली. थोडा अभिमानही वाटला, तोही लिहून ठेवते.

३० सप्टेंबर, मंगळवार

भावोजी आले. आत या म्हटलं तर आले नाहीत, गल्ल्याशीच उभे राहिले. म्हणाले, तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं. पण तू तिला सगळ्या मंडळीपुढे दोषी ठरवलंस, आता मला गप्प राहवत नाही.

त्या दिवशी ताईने आईला तीनदा विचारलं होतं, धाकटीला फोन करू का? तिन्ही वेळा आई म्हणाली, "नको. तिचं तोंड बघायचं नाही मला."

मी कसंबसं विचारलं, मग ताईने मला सांगितलं का नाही? अकरा वर्षांत एकदाही?

"मीही विचारलं होतं तिला," भावोजी म्हणाले. "ती म्हणाली, माझ्यावर रागावून ती जगेल. आईला आपण नको होतो हे कळलं तर कशी जगेल?"