विहिरीजवळची जमीन आणि जाड चटई

माझे हृदय नाताळापर्यंत साथ देणार नाही, असे डॉक्टर इओतेबा यांनी आज सकाळी सांगितले. डोके शाबूत असल्याचा दाखलाही त्यांनीच दिला. तेव्हा मी, नेई कारोतू तेमारी, वय अडुसष्ट, राहणार अबायांग बेट, कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवते.

घर, होडी आणि बाबाईच्या कंदांचा खड्डा भाची तेरेआ हिला. पुस्तके शाळेला. यंत्र कोणाच्या दारात उभे राहते आणि ते कोण ठरवते, यावर मी जन्मभर लिहिले. ते कोणीही वाचावे, परवानगी मागू नये.

राहिली विहिरीजवळची जमीन. भावंडांची संमती सोबत जोडली आहे. तिच्याखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते. हल्ली डोळा लागला की ते हलताना ऐकू येते आणि सगळे बेट होडीसारखे हळूच वळते. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र बसवायला पाणी समितीला हीच जागा हवी आहे. उत्तरेच्या वस्तीच्या विहिरी खारावल्या. समितीच्या नकाशात मात्र नळ आधी सरकारी वसाहतीकडे जातो.

जमीन समितीला द्यावी, पण नळ कुठे जाणार हे मानेआबात, गावाच्या सभाघरात, सर्वांनी चटईवर बसून ठरवावे. पाणी वाहणाऱ्या बायकांनी आधी बोलावे. कोणी खुर्ची आणली तर जमीनही तेरेआची. अट आजपासून लागू.

ही अट समितीचा अध्यक्ष बरानिको याच्यासाठी आहे. मागच्या सभेला तो घडीची खुर्ची घेऊन आला. मी चटई दाखवली, तर म्हणाला:

"कारोतूताई, चटईवर बसलं की यंत्र लवकर चालू होतं का?"

"नाही रे. पण तुझ्या चपलांशी बोलून बायका कंटाळल्यात."

"गुडघे दुखतात माझे."

"शाळेपासून दुखतायत. काम सांगितलं की."

गुडघे खरेच दुखतात त्याचे. म्हणून माझी केवड्याच्या पातींची जाड चटई आणि उशी बरानिकोला. एका कडेची वीण सैल आहे. तिथे विणता विणता मी आईच्या मांडीवर झोपले होते. गुडघा तिथे टेकावा.

हा मजकूर तेरेआने त्याला फोनवर वाचून दाखवला. सही करण्यापूर्वी त्याचा निरोप आला: समिती शनिवारच्या बोटीने येते, खुर्ची आणत नाही, उशी आधी मिळेल का?

उशी पाठवते आहे. तेरेआ मानेआबा झाडायला गेली आहे. उत्तरेच्या बायका शुक्रवारीच चालत निघतील.

सही: नेई कारोतू तेमारी
आमच्यासमक्ष सही केली: डॉ. इओतेबा काइरा, नेई मेरे तेबातेई, शेजारीण
अबायांग, १२ सप्टेंबर २०१८