एक्केचाळीस नंबरची बाई

३ सप्टेंबर

माझा निबंध स्वीकारला! सुक्रे शहरातल्या वैद्यकीय परिषदेत पंधरा मिनिटं बोलायला मिळणार. विद्यार्थ्यांच्या सत्रात का होईना, पण व्यासपीठावर. माझ्या वर्गातल्या लिंबेरला मात्र भिंतीवर तक्ता लावून शेजारी उभं राहायचंय. म्हणाला, "देल्मी, मोठी झालीस बाई. आता आम्हा गरिबांना ओळख दाखवशील ना?"

संध्याकाळी गावी आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न – तिथे जेवण देतात का? देतात म्हटल्यावर खूश. बोलता बोलता दोनदा धाप लागून थांबली. कोंबड्यांमागे धावले म्हणाली. कोंबड्या त्या वेळी झोपलेल्या असतात.

९ सप्टेंबर

आमच्या प्राध्यापक पेरेदोबाईंनी आज आम्हा दोघांना समोर बसवून चांगलं झोडपलं. नवे बूट घालून जाऊ नका, पाय चावले की तोंड वाकडं होतं. पडद्यावरचं वाचून दाखवू नका, लोकांना वाचता येतं. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा – थापा मारणारा शेवटच्या रांगेतूनही ओळखू येतो. आणि स्वतःचं झालं की गाव बघायला पळू नका, दुसऱ्यांचंही ऐका! हे शेवटचं लिंबेरकडे बघून.

मग माझ्याकडे वळल्या. "देल्मिरा, तुझे सगळे आकडेच आहेत. इतक्यांचं रक्त तपासलं, इतक्यांना चागासचा रोग, इतक्यांचं हृदय बिघडलेलं. बरं, पुढे? टक्के घरी जाईपर्यंत विसरतात. एक माणूस दाखव. नाव नको, नुसता नंबर."

सगळे एक्स-रे पुढ्यात मांडले. बाईंनी चटकन एक उचलला. "हा बघ किती स्वच्छ आलाय. हीच बाई घे."

मी बरं म्हटलं. तो एक्केचाळीस नंबरचा होता. एक्केचाळीस नंबर म्हणजे आई.

११ सप्टेंबर

बाईंना माहीत नाही. कुणालाच नाही. इथे तरी लिहून टाकते.

एप्रिलमध्ये निबंधासाठी मी गावातल्या सगळ्यांबरोबर आईचंही रक्त घेतलं, एक्स-रे काढून आणला. निकाल आला तेव्हा आरोग्यकेंद्रातल्या नर्सला मीच म्हटलं – मी तिची मुलगी, मीच सांगते. अजून जीभ रेटत नाही. हृदयाच्या गोळ्या देते, पायांच्या सुजेवरच्या म्हणून. घेते बिचारी. आधी कापणी होऊ दे म्हटलं, मग सण होऊ दे, आता परिषद होऊ दे म्हणते. कारणांना काय तोटा!

मातीच्या भिंतीतून रात्री तो चागासचा किडा उतरायचा, झोपेत आम्हाला चावून रक्त प्यायचा. सकाळी आम्ही पोरं तो चिरडायचो आणि भिंतीवर कुणाचे लाल ठिपके जास्त ते बघायचो. रक्त आमचंच होतं. मी त्याच खोलीत, तिच्याच कुशीत झोपायचे. माझा निकाल साफ आला, तिचा असा. ह्याचा मला आनंद व्हायला हवा म्हणे. होत नाही.

१५ सप्टेंबर

दुसरा एक्स-रे शोधला. इतका स्पष्ट एकही नाही. खरं सांगायचं तर मनापासून शोधलाही नाही.

२१ सप्टेंबर, गावी

बाईंची आणखी एक आज्ञा होती – ज्याला विषयाचा गंध नाही अशा माणसासमोर भाषण म्हणून दाखवा. तो जिथे गोंधळेल तिथे चूक तुमची. घरात आईच होती. आणि तीच म्हणाली, "मलाही ऐकू दे की, एवढं काय बोलणार आहेस ते."

नाही म्हणायला हवं होतं. पण ती हात पुसून, नीट शाल पांघरून बसलीसुद्धा. एक्स-रे दाखवला नाही, तेवढी अक्कल होती. एक्केचाळीस नंबरच्या बाईचं वर्णन दोन-चार ठिकाणी बदलेन असं मनाशी ठरवलं.

तिचं स्पॅनिश बाजारापुरतं. म्हणून आमच्या क्वेचुआत बोलत गेले. तिथेच सगळं फसलं. स्पॅनिशमध्ये मोठमोठ्या शब्दांच्या आड लपता येतं. आमच्या भाषेत ते शब्दच नाहीत. मग म्हणावं लागलं – हृदय मोठं झालंय आणि ढिलं पडलंय, जुन्या पोत्यासारखं. रक्त पुढे ढकलायची ताकद नाही त्यात. आणि वर्णन बदलायचं राहूनच गेलं. पाठ झालेलं तोंडातून निघत गेलं – अठ्ठावन्न वर्षांची बाई, विणकाम करणारी, चार मुलं, एक तान्हेपणी गेलं, नदीवरून घरी येताना दोनदा बसावं लागतं.

आई गोंधळली नाही. एकदासुद्धा नाही. शेवटी तिने विचारलं, "अशी माणसं किती जगतात गं?"

मी काय करावं? पहिल्या रांगेतल्या कुणी विचारल्यावर द्यावं तसं उत्तर दिलं. "बहुतेक जण पाच वर्षांपुढे जात नाहीत."

"त्या बाईला सांगितलंय का?"

"सांगतील."

"कोण?"

"डॉक्टर."

"सांगायला हवं," आई म्हणाली. "घरदार असतं माणसाचं. आवरायला वेळ लागतो." मग उठता उठता, "बोलतेस छान. फक्त त्या बाईपाशी आलीस की पळत सुटतेस. तिथे जरा दमाने घे."

तिला कळलं नाही. अशी बाई आमच्या गावात घरटी एक आहे. नदीवरून सगळ्यांनाच चढून यावं लागतं. कळलं नाहीच.

२२ सप्टेंबर

सकाळी वाटेत खायला उकडलेला मका आणि चीज बांधून दिलं. नेहमीसारखीच होती. माझा जीव भांड्यात पडला.

२ ऑक्टोबर, सुक्रे

गळ्यात नावाची पट्टी. चहाच्या वेळी सगळे एकमेकांच्या पट्ट्या वाचतात, मग चेहरा. लिंबेर दिवसभर तक्त्याशेजारी उभा होता. एका बाईंनी थांबून त्याला विचारलं – स्वच्छतागृह कुठे आहे? त्याने नकाशा काढून दिला. "माझ्या कामात रस घेणारी एकच," म्हणाला.

मला हसू आलं.

३ ऑक्टोबर

झालं.

जुनेच बूट घातले. काही वाचलं नाही. एक्केचाळीस नंबरच्या बाईपाशी आले आणि आईने सांगितलं होतं तसं दमाने घेतलं. पडद्यावर तिचं हृदय भिंतीएवढं दिसत होतं. नदीवरून येताना दोनदा बसावं लागतं हे म्हणताना आवाज हलला. पाण्याचा घोट घेतला, पुढे गेले. टाळ्या झाल्या.

नंतर एक म्हातारे डॉक्टर मुद्दाम जवळ आले. फार प्रेमळ माणूस. "काय सुंदर चित्र आहे! माझ्या वर्गाला दाखवायला द्याल का?"

सुंदर म्हणाले. मी दिलं. आता दरवर्षी कुठल्यातरी अंधाऱ्या वर्गात माझ्या आईचं हृदय दाखवतील, आणि पोरं वहीत उतरवून घेतील. मी देऊन टाकलं, "धन्यवाद" पण म्हटलं. स्वतःची किळस आली.

पेरेदोबाई म्हणाल्या, "शाबास. त्या बाईपाशी आवाज हलला ते बरं झालं. तिथपासून लोक ऐकायला लागले."

५ ऑक्टोबर

बसमध्ये लिंबेरला सगळं सांगितलं. त्याने खिडकी लावून घेतली. मग म्हणाला, "सुक्रेत सभागृहभर लोकांना सांगितलंस. तिला तेवढं सांगायचं राहिलं." चिडून नाही बोलला. चिडला असता तर सोपं गेलं असतं.

वाटेत माझ्या गावच्या फाट्यावर उतरले. अंधार पडला होता, आई दमून झोपलेली. उद्या सांगणार.

६ ऑक्टोबर

सकाळी आईने शेंगदाण्याचं सूप केलं. परिषदेचं सगळं विचारून घेतलं – जेवण कसलं होतं, थंडी होती का, कुणी टोचून बोललं का. मग मागावर जाऊन बसली. मी समोर बसले आणि म्हटलं, "आई, तुझ्याशी बोलायचंय."

"बोल की," ती म्हणाली. हात चालूच होते. "पण आधी मला एक सांग. ती पाच वर्षं कुठून धरायची – तू रक्त नेलंस तेव्हापासून, की आत्तापासून?"